अभिवचनाची रजा

तुरुंगाच्या कचेरीतून निघणाऱ्या मराठी कागदांवर ‘संचित रजा’ आणि ‘अभिवचन रजा’ असे दोन शब्दप्रयोग आढळतात. वर्तमानपत्रे त्यांनाच अनुक्रमे फर्लो आणि पॅरोल म्हणतात. शासकीय परिभाषेची आपण एरवी थट्टा करतो. परंतु हे शब्द ज्या कोणी घडविले त्याने दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास त्यांत नेमका बसविला आहे, असे आम्हाला वाटते. संचित म्हणजे साठविलेले, कष्टाने गाठीस बांधलेले. अभिवचन म्हणजे दिलेला शब्द. फ्रेंच भाषेत ‘पारोल’चा अर्थही शब्द असाच आहे. युद्धात पकडलेला अधिकारी ‘पळून जाणार नाही’ असा आपल्या अब्रूवर शब्द देई आणि त्या शब्दावर त्याला मोकळीक मिळे. कैद्याने जे साठविले ते मोजायचे की त्याच्या फाइलीत जे लिहिले आहे ते, आणि त्याच्या शब्दाला जामीन कोणी राहायचे, या दोन प्रश्नांभोवती या रजांच्या नियमांचा सारा इतिहास फिरत आला आहे.

हा विषय आमच्या त्रैमासिकात कशासाठी, असे एखाद्या वाचकाला वाटेल. बंदिवानाची भेट घेणे हे दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक म्हणून आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेले असते. आपण त्याच्याकडे जाण्याविषयी बोलतो. तो चार दिवस आपल्याकडे येण्याविषयी फारसे बोलत नाही. शिवाय ज्या बेटावर या कथेचा आरंभ होतो, त्या बेटाची अवस्था जगापुढे मांडणाऱ्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ते बेट म्हणजे नॉरफोक. सिडनीपासून सुमारे १६०० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात. इंग्लंड आणि आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेले कैदी तेथे पुन्हा गुन्हा करीत, तेव्हा त्यांना या बेटावर धाडीत. चाबूक, बेड्या, दगडफोड आणि परतण्याची आशा नाही, असा तेथला दिनक्रम होता. जानेवारी १८३४ मध्ये कैद्यांनी बंड केले व ते मोडून काढण्यात आले. खटल्यानंतर बंडवाल्यांपैकी काहींची फाशी कायम झाली, काहींना जीवदान मिळाले. हा निकाल घेऊन बेटावर गेले ते बेनेडिक्टाइन धर्मगुरू विल्यम उलाथोर्न. वय अवघे अठ्ठावीस. कोठडीत उभे राहून त्यांनी नावे वाचली. ज्यांना मरायचे होते ते एकामागून एक गुडघ्यांवर आले आणि या जागेतून सुटका झाली म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले. ज्यांना जीवदान मिळाले होते ते मुके उभे राहिले. पुढील दिवसांत तेरा जणांना फाशी झाली. उलाथोर्न यांनी हे दृश्य विसरू दिले नाही. १८३८ साली ब्रिटिश संसदेच्या मोल्सवर्थ समितीपुढे त्यांनी हद्दपारीच्या पद्धतीविरुद्ध साक्ष दिली आणि त्याच सुमारास या विषयावर पुस्तिकाही लिहिल्या. ज्या तुरुंगात माणूस मरणाचे आभार मानतो तेथे शिक्षेचा हेतूच संपलेला असतो, हे त्या साक्षीनंतर लंडनला नाकारता येईना.

मार्च १८४० मध्ये बेटाचा नवा अधिकारी म्हणून अलेक्झांडर मॅकोनोकी आला. हा आरमारातला माणूस, लंडनमध्ये भूगोलाचा प्राध्यापकही झालेला; आणि विशेष म्हणजे नेपोलियनच्या काळात स्वतः दोन वर्षांहून अधिक काळ फ्रेंचांच्या कैदेत राहिलेला. कैद आतून पाहिलेला माणूस कैदखान्याचा प्रमुख होण्याचे योग इतिहासात फार नाहीत. त्याचे म्हणणे साधे होते. शिक्षा वर्षांत मोजू नका, कामात मोजा. सात वर्षांच्या शिक्षेऐवजी सहा हजार गुण, दहा वर्षांऐवजी सात हजार, जन्मठेपेऐवजी आठ हजार. रोजच्या श्रमाने आणि वागणुकीने हे गुण मिळवायचे. अन्नात काही जास्तीचे हवे तर त्यांतूनच खर्च करायचे. गैरवर्तन केले तर गमवायचे. चाबकाच्या जागी हिशेबाची वही आली. कैदी जसजसा पुढे जाई तसतसे त्याला आणखी पाच जणांबरोबर एका गटात घालीत आणि सहाही जण एकमेकांच्या वर्तनाला जबाबदार राहत. एकाचे गुण गेले तर सगळ्यांचे गेले. आपल्याकडे भाऊकीत जामीन राहण्याची जी रीत आहे तीच जणू त्याने अनोळखी चोरांमध्ये उभी केली!

आपल्या प्रायश्चित्त संस्काराशी या कल्पनेचे नाते आम्हाला जाणवते. पापनिवेदनानंतर धर्मगुरू ‘इतकी वर्षे दुःखी राहा’ असे सांगत नाहीत. करावयाचे काही तरी नेमून देतात, आणि ते केले की ते संपते. मॅकोनोकी कॅथलिक नव्हता. पण त्याने बेटावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट कैद्यांसाठी वेगवेगळी उपासनास्थाने उभारली, थोड्या ज्यू कैद्यांसाठीही जागा राखली, फाशीचा खांब काढून टाकला, आणि मेलेल्या कैद्याच्या थडग्यावर नाव कोरण्याची मुभा दिली.

२५ मे १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसानिमित्त त्याने तुरुंगाची दारे उघडली. दिवसभर कैदी बेटावर हिंडले, पोहले, जेवले. संध्याकाळी त्यांनी नाटक केले. बिगूल वाजताच सगळे परत कोठड्यांत गेले. काही विपरीत घडले नाही. तरीही सिडनीच्या वृत्तपत्रांनी त्याची अशी टर उडविली की पुढची तीन वर्षे तो तिच्याखालून बाहेर आला नाही. चार्ल्स अँडरसन नावाच्या कैद्याची हकीकत मात्र त्या वृत्तपत्रांनाही पुसता आली नाही. हा नौसैनिक लढाईत डोक्याला जखम झाल्यापासून बिथरलेला होता. सिडनीच्या बंदरातील गोट बेटावर त्याला खडकाशी साखळीने जखडून ठेवीत आणि होड्यांतून येणारे लोक जनावराला टाकावेत तसे पावाचे तुकडे त्याच्याकडे फेकीत. मॅकोनोकीने त्याच्या ताब्यात बेटावरचे मस्तवाल बैल दिले आणि कोणीही त्याच्या कामात लुडबुड करू नये असे बजावले. पुढे अँडरसन डोंगरावरच्या इशाऱ्याच्या ठाण्याचा रखवालदार झाला. १८४३ मध्ये गव्हर्नर गिप्स पाहणीला आले, तेव्हा खलाशाच्या पोशाखात लगबगीने फिरणारा हा माणूस कोण, असे त्यांनी विचारले.

गिप्स यांचा अहवाल बराच अनुकूल होता. पण तोवर मॅकोनोकीला परत बोलावण्याचा हुकूम लंडनहून निघालेला होता, आणि १८४४ च्या आरंभी तो बेटावरून गेला. त्याच्या पराभवाचे खरे कारण दुसरेच होते. गुण पुरे झाले की सुटका, हे आश्वासन पाळण्याचा अधिकार सरकारने त्याला पुरता दिलाच नव्हता. कैद्यांनी आपला हिशेब पुरा केला. सरकारने आपला केला नाही. रजेच्या आणि सुटकेच्या नियमांत हा दोष पुढे कितीदा तरी उगवलेला दिसतो.

या कल्पनेला स्थिर घर मिळाले ते आयर्लंडमध्ये. १८५४ साली वॉल्टर क्रॉफ्टन तेथील तुरुंगांचा प्रमुख झाला. दुष्काळ नुकताच ओसरला होता, तुरुंग भुकेल्या माणसांनी भरले होते, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच धर्माचे होते. क्रॉफ्टनने गुणांची पद्धत घेतली आणि तिला पायऱ्या बांधल्या. पहिले काही महिने डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगात एकांत; नंतर कॉर्कच्या बंदरातील स्पाइक बेटावर श्रम आणि गुण; त्यानंतर लस्क या गावच्या माळावर पत्र्याच्या झोपड्यांत वस्ती. तेथे पहारेकरी थोडे, तेही निःशस्त्र. कैदी शेत कसत आणि गावकरी त्यांना रोज पाहत. शेवटी अटींवर सुटका. या शेवटच्या पायरीसाठी त्याने जेम्स ऑर्गन नावाचा शिक्षक नेमला होता. ऑर्गन कैद्यांना शिकवी, डब्लिनच्या मालकांकडे खेटे घालून त्यांना काम मिळवून देई, आणि सुटल्यावर ठरावीक दिवसांनी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन चौकशी करी. शब्द कैद्याचा आणि त्यामागे उभा असलेला माणूस सरकारने पगार देऊन नेमलेला, अशी ही व्यवस्था होती.

स्त्रियांचा प्रश्न अधिक बिकट होता. तुरुंगातून आलेल्या बाईला घरात कामाला ठेवायला कोणी तयार होईना. तेव्हा १८५६ मध्ये गोल्डनब्रिज येथे ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या संस्थेच्या धर्मभगिनींनी कॅथलिक स्त्री-कैद्यांसाठी आश्रयगृह सुरू केले. शिक्षेचा अखेरचा काळ तेथे काढायचा आणि भगिनींच्या शिफारशीवर कामाला लागायचे. येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच गोल्डनब्रिजमध्ये नंतर मुलांसाठी औद्योगिक शाळा झाली, आणि तेथे मुलांना मिळालेल्या क्रूर वागणुकीची नोंद आयर्लंडच्या चौकशी आयोगाने २००९ च्या आपल्या अहवालात केली आहे. पहिल्या घराचे पुण्य दुसऱ्याचे पाप झाकीत नाही. बाहेरून कोणी डोकावत नसले की धर्मभगिनींचे घरही बिघडू शकते. म्हणूनच नुसत्या सद्भावनेवर न विसंबता नियम असावे लागतात.

आयर्लंडमध्ये हे चालू असताना इंग्लंडमध्ये वेगळेच घडत होते. तेथेही अटींवर कैदी सोडीत, पण त्यांच्यामागे ऑर्गनसारखा माणूस नव्हता. १८६२ च्या जुलैमध्ये लंडनच्या रस्त्यावर एका खासदाराचा गळा आवळून त्याला लुटण्यात आले. वृत्तपत्रांनी ओरड केली की हे सारे रजेवर सुटलेल्या कैद्यांचे काम. वर्षभरात फटक्यांची शिक्षा परत आली आणि १८६४ च्या कायद्याने सुटलेल्या कैद्यांवर पोलिसांची हजेरी लादली. एक गुन्हा, एक गदारोळ आणि लगोलग नवा नियम. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे आपल्या मुंबईत भेटणार आहे.

आयर्लंडहून ही कल्पना आपल्याकडे आणणाऱ्यांत ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या विदुषीचे नाव घ्यावे लागेल. अनाथ आणि गुन्हेगार मुलांसाठी शाळा काढणाऱ्या या बाईंनी क्रॉफ्टनचे तुरुंग स्वतः पाहिले आणि १८६४ मध्ये आपल्या ग्रंथात त्यांची वाखाणणी केली. १८६६ साली त्या हिंदुस्थानात आल्या. स्त्रीशिक्षणासाठी त्यांचे नाव आपण ऐकतो. पण अहमदाबाद, मुंबई, कलकत्ता असे फिरताना त्या जेथे गेल्या तेथे तुरुंगही पाहत आणि सरकारला सूचना लिहून पाठवीत. पुढे १८९४ मध्ये हिंदुस्थानचा तुरुंग कायदा झाला. त्याच्या ५९ व्या कलमात, सरकारने कोणकोणत्या बाबींवर नियम करावेत याची यादी आहे. त्यातील पाचवी बाब आहे गुण देणे आणि त्यायोगे शिक्षा कमी करणे. नॉरफोक बेटावरची हिशेबाची वही अशा रीतीने पन्नास वर्षांनी आपल्या कायद्यात आली. मात्र ती लिहिणाऱ्याचे नाव तिच्यावर राहिले नाही.

नियमांच्या पलीकडे जाऊन शब्दावर विश्वास ठेवण्याचा एक प्रयोग आपल्याच मातीत झाला. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत वसविली. तेथे भिंती नव्हत्या आणि कैद्याचे कुटुंबही त्याच्याबरोबर राहू शके. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला आहे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला जे सन्मान मिळाले, त्यांत आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार होता, याचा आम्हाला सानंद अभिमान वाटतो.

चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने फर्लो आणि पॅरोलचे नियम केले. आधार अर्थातच त्या ५९ व्या कलमाचा, आणि त्यातही त्या पाचव्या बाबीचा. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाल्यावरही दोन्ही राज्यांत तेच नियम चालत राहिले. त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. संचित रजा ही काही काळ शिक्षा भोगून नीट वागलेल्याला दर वर्षी मिळावयाची. तिचे कारण विचारीत नाहीत आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेला कारण लागते: जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार, घर कोसळणे, पूर, आग. ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. मागाहून भरून द्यावे लागतात. म्हणजे नियमांनी संचिताला मानले आणि दुःखाला उसनवारीवर ठेवले.

त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी होत्या. फर्लो हा कैद्याचा हक्क नव्हे, असे एका नियमाने स्पष्ट बजावले. दुसऱ्या एका नियमाने काही कैद्यांना फर्लोतून वगळले, आणि त्यांत दरोडेखोरांच्या जोडीला दारूबंदी कायद्याखाली शिक्षा झालेलेही बसविले! आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना तो काळ आठवत असेल. घरामागे भट्टी लावणारा शेजारी आणि दरोडेखोर एका ओळीत. माणसाने तुरुंगात काय साठविले ते न पाहता त्याच्या गुन्ह्याचे कलम पाहून दार लावण्याची सवय तेव्हापासूनची आहे.

पुढल्या काळातील घडामोडी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत नवे फारसे नाही. २०१३-१४ मध्ये येरवड्यात असलेल्या एका चित्रपट अभिनेत्याला मिळालेल्या रजांवरून लोक संतापले. गरीब कैद्याचा अर्ज पडून राहतो आणि याचा लगेच मंजूर होतो, असा आक्षेप होता. २०१६ मध्ये मुंबईतील एका गाजलेल्या खून खटल्यातील आरोपी, जो शिक्षा भोगत होता, तो पॅरोलवर गेला तो परतलाच नाही. दीड वर्षाने तो काश्मीरमध्ये सापडला. मारल्या गेलेल्या मुलीच्या आईवडिलांना त्या काळात काय वाटले असेल, याचा विचार न करता सुधारणेच्या गप्पा मारणे निर्दयपणाचे होईल. सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये नियम बदलले आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यांच्या कैद्यांना, त्यांची वागणूक कशीही असो, फर्लोतून वगळले. १८६२ चे लंडन ते हेच. परत न आलेल्या एकाची बातमी होते. ठरल्या दिवशी सायंकाळी पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहणाऱ्यांची होत नाही, आणि नियम बातमी वाचून लिहिले जातात.

२०१८ च्या दुरुस्तीने काही गाठी सैल केल्या. मृत्यू आणि विवाह यांसाठी तातडीची रजा वेगळी काढली. मे २०२० मध्ये करोनाच्या साथीत आणखी एक पोटनियम आला. सात वर्षांपर्यंतची शिक्षा असलेल्यांना तातडीचा पॅरोल, आणि त्याहून मोठी शिक्षा असलेल्यांना, ते मागील दोन वेळी वेळेवर परतले असतील तर. वर्गवारी येथेही होती. पण दोनदा वेळेवर परत येणे, ही अट कैद्याच्या स्वतःच्या हातातली आहे. मॅकोनोकीला ती पटली असती. जो पूर्वी कधी बाहेर गेलाच नाही त्याचे काय, हा प्रश्न लगेच उच्च न्यायालयात गेला. आणि ज्याला संधीच मिळाली नाही त्याला ती मिळाली नाही म्हणून अपात्र ठरवू नये, अशी न्यायालयाची भूमिका राहिली.

केंद्र सरकारने २०२३ साली १८९४ च्या कायद्याच्या जागी राज्यांपुढे आदर्श कायद्याचा मसुदा ठेवला. रजेवर जाणाऱ्या कैद्याच्या अंगावर त्याचा ठावठिकाणा सांगणारे विद्युत यंत्र बांधण्याची सोय त्यात आहे. यंत्राला आमचा विरोध नाही. पण यंत्र माणूस कोठे आहे एवढेच सांगेल. त्याच्यासाठी काम शोधायला ते डब्लिनच्या मालकांकडे जाणार नाही.

रजेच्या नियमांची सुधारणा होईल तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्हाला वाटते. वगळायचेच असेल तर कलमाच्या आकड्यावर नव्हे, त्या कैद्याच्या वागणुकीवर आणि पीडित कुटुंबाला असलेल्या खऱ्या धोक्यावर वगळावे. त्या कुटुंबाला विचारावे आणि कळवावे. अर्जाचा निर्णय मुदतीत व्हावा, कारण आईच्या मृत्यूनंतर महिन्याने आलेली मंजुरी कोणाच्याच उपयोगाची नसते. आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातील आहे. १९५९ च्या नियमांनुसार, कैद्याला ठेवून घेण्यास राजी असलेला आणि हमीपत्रावर सही करणारा नातेवाईक असेल तरच त्याला फर्लो मिळे. ज्याला घरच्यांनी टाकले, ज्याचे कोणी उरले नाही, किंवा ज्याच्या भावाला पोलीस दारात नको आहेत, त्याने दहा वर्षे निष्कलंक काढली तरी संचित रजा त्याच्या खात्यातच राही. मॅकोनोकीने त्याला पाच सोबती दिले असते, क्रॉफ्टनने ऑर्गनला पाठविले असते, गोल्डनब्रिजच्या भगिनींनी सही केली असती. ‘नातेवाईक’ या शब्दापुढे ‘किंवा नोंदणीकृत संस्था’ एवढे तीन शब्द घालण्याचे निवेदन आपली धर्मग्रामे आणि धर्मप्रांताची समाजसेवा केंद्रे सरकारकडे करू शकतात. मात्र निवेदनावर सही करण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामात त्या माणसाला पंधरा दिवस राहायला खोली कोण देणार आणि ठरल्या दिवशी फाटकापर्यंत त्याच्या सोबत कोण जाणार, ती नावे आधी लिहून काढावी लागतील.